गोळी पोटाला, पण रानाचं काय?

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. आम्ही दौंड तालुक्यात नदीकाठच्या वस्तीवर राहतो. घरात सात माणसं. सासू-सासरे, आम्ही दोघं, धाकटे दीर, सहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. ऊस आहे, थोडा भाजीपाला करतो. मुलगा रात्री झोपेत शीच्या जागी खाजवतो, दात खातो, सकाळी बेंबीपाशी दुखतं म्हणतो. शाळेत जंताची गोळी दोनदा दिली. थोडे दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच. शी तपासली तर रिपोर्ट नॉर्मल. आणि गेल्या महिन्यात मुलीच्या शीतून वीतभर लांब जंत पडला. सासूबाई म्हणतात, मी पोरांना गूळ-शेंगदाणे फार देते म्हणून होतं, वावडिंग दे. त्या असंही म्हणतात की आपलं घर माळकरी, हे आपल्यात आलं कसं. रानात ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडतात, त्यांच्याकडूनच आलं. घरात संडास आहे. मागच्या उन्हाळ्यात टाकी भरली तेव्हा टँकरवाल्याने ते बांधाकडेच्या रानातच सोडलं, खत होतं म्हणून. आता टाकी लवकर भरू नये म्हणून सासरे आणि मुलं बाहेरच जातात. माझं हिमोग्लोबिन 8.6 आलंय, ते जंतांमुळे असेल का? सगळ्यांनी औषध घेऊ म्हटलं तर मिस्टर म्हणतात, मला काही होत नाही, मी कशाला घेऊ. काय करू?

– एक आई

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. टँकरचं. त्याच्यावर येतोच, आधी पोरांचं बघू.

तुमच्या घरात बहुधा दोन जातींचे जंत आहेत आणि दोघांची रीत अगदी वेगळी आहे. मुलीच्या शीतून पडला तो गोलकृमी, गांडुळासारखा दिसणारा. पूर्ण वाढलेला 15 ते 35 सेंटीमीटर भरतो, म्हणजे तुमची वीतभर बरोबर आहे. मुलाला रात्री खाज येते ती मात्र दुसऱ्याच जंताची लक्षणं. ते पांढरे, शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे बारीक, जेमतेम सेंटीमीटरभर. पोर झोपलं की त्यांची मादी गुदद्वाराबाहेर येते आणि तिथल्या कातडीवर अंडी घालते. म्हणून खाज रात्रीची. आणि म्हणूनच शीचा रिपोर्ट नॉर्मल. अंडी शीत नसतातच फारशी, कातडीवर असतात. लॅबवाल्याची चूक नाही, तपासणीच वेगळी हवी होती.

ती तपासणी घरी करता येते. सकाळी मुलगा उठला की संडासला जायच्या आणि धुवायच्या आधी पारदर्शक चिकटपट्टीचा बोटभर तुकडा गुदद्वाराच्या कडेच्या कातडीवर दाबून उचला आणि लॅबमधून आणलेल्या काचपट्टीवर चिकटवून द्या. मग हात साबणाने धुवा. एका दिवशी नाही सापडलं तर लागोपाठ तीन सकाळी करा. त्याहून सोपं म्हणजे पोर झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी घेऊन बघा. बऱ्याचदा वळवळताना दिसतात.

या दोऱ्याच्या जंताला माती लागत नाही. खाजवलं, अंडी नखात गेली, नख तोंडात गेलं, झालं. अंडी काही तासांतच लागण करायला तयार होतात आणि अंथरुणावर, चड्डीवर दोन-तीन आठवडे टिकू शकतात. सात माणसं एका घरात, पोरं आजीच्या गोधडीत. एकट्या मुलाला गोळी देऊन काय होणार? त्याच्या पोटातले मेले, गोधडीतले राहिले. शिवाय जंताची ही गोळी, अल्बेंडाझोल, मोठे जंत मारते, अंडी मारत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी सगळ्यांनी पुन्हा. तुमच्या मिस्टरांना हे वाचून दाखवा. ‘मला काही होत नाही’ हे खरंच असेल. मोठ्या माणसांना जंत असले तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. पण त्यांनी घेतली नाही तर बाकी सहा जणांची गोळी वाया जाते.

दोन वर्षांवरच्या सगळ्यांना 400 मिलिग्रॅमची एक गोळी, चावून. तीन वर्षांच्या मुलीला पूड करून पाण्यातून द्या, अख्खी गोळी लहान मुलांच्या घशात अडकते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. पाळी चुकली असेल तर तुम्ही आधी तपासणी करून घ्या, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेत नाहीत. कोणी तापाने आजारी असेल तर ते बरं झाल्यावर. गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. तिथल्या डॉक्टरांना एकदा घरातला सगळा प्रकार सांगून, दुसऱ्या डोसचंही विचारूनच आणा. गोळीच्या दिवशी सकाळी पोरांना आंघोळ घाला, नखं मुळापर्यंत कापा, चादरी-चड्ड्या गरम पाण्यात भिजवा, गोधड्या उन्हात टाका. घरात झटकू मात्र नका, अंडी उडतात.

आता तो वीतभर जंत. त्याच्याबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते, आणि ती कळली की बाकी सगळं आपोआप कळतं. गोलकृमी पोटात पोरं घालत नाही. मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण त्यातलं एकही अंडं त्याच पोटात फुटून जंत होत नाही. सगळी शीवाटे बाहेर जातात. बाहेर ओलसर, सावलीच्या मातीत साधारण दोन ते चार आठवडे राहिली की मग ती लागण करायच्या लायकीची होतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या पोटात जितके जंत असतील, तितकी अंडी तिने बाहेरून, एकेक करून, गिळलेली आहेत. गिळल्यावर अळी आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून खोकल्यावाटे घशात आणि पुन्हा गिळली जाऊन आतड्यात, असा दोन-तीन महिन्यांचा प्रवास करते, तेव्हा कुठे मोठा जंत तयार होतो.

त्यामुळे ‘पोटात जंत का होतात’ हा प्रश्नच सोडा. मुलीने ती माती कुठे खाल्ली, हे शोधायचं. आणि इथे तुमचा टँकर येतो.

संडासच्या टाकीत जंतांची अंडी मरत नाहीत. जड असतात, तळाच्या गाळात जाऊन बसतात. टँकर उपसतो तो नेमका हा गाळ. तुमच्या घरातल्या सात माणसांची कित्येक महिन्यांची शिल्लक त्या बांधाकडेच्या पट्ट्यात एका दुपारी ओतली गेली. उन्हात तापलेल्या उघड्या मातीत बरीचशी अंडी मरतात, पण पाऊस पडला, पीक उभं राहून सावली झाली, की उरलेली काही वर्षंसुद्धा तग धरतात. त्या पट्ट्यात पावसाळ्यात काय लावलं होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मेथी, कोथिंबीर, पात, मुळा यातलं काही असेल तर तुमचा शोध तिथेच संपला. शेतकऱ्याची पोरं बांधावर बसून मुळा उपटतात, चड्डीला पुसतात आणि खातात. कोण धुवायला जातंय!

शेणखताला घाबरू नका बरं का. माणसाच्या पोटातला गोलकृमी माणसाच्याच विष्ठेतून येतो. गाईचं शेण, सारवलेली जमीन यांच्यावर उगाच आळ घेऊ नये. दोष आहे तो न कुजलेल्या मैल्याचा. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की तो बंद करून दुसऱ्यात पाणी वळवतात. बंद खड्डा दीड-दोन वर्षं तसाच राहिला की आतलं कोरडं, बिनवासाचं खत होतं, आणि ते रानात टाकायला हरकत नसते. सेप्टिक टाकीचा ओला गाळ म्हणजे ते खत नव्हे.

तेव्हा त्या पट्ट्यात निदान दोन वर्षं कच्चं खायचं काही लावू नका. ऊस लावा, मका लावा, कडवळ करा. तिथे काम करताना गमबूट घाला. पोरांना तिथे खेळू देऊ नका. पुढच्या वेळी टँकर बोलावताना आधी ग्रामपंचायतीत विचारा, मैला नेऊन टाकायची सोय जवळपास कुठे आहे ते. काहीच सोय नसेल आणि रानातच न्यायचं असेल तर विहीर-बोअरपासून लांब, पाणी साठत नाही अशा जागी खोल चर खणून त्यात ओतायचं आणि वर हातभर माती ओढायची. उघड्यावर सोडायचं नाही. टँकरवाला कुरकुर करेल. करू दे.

आणि टाकी भरते म्हणून बाहेर जायचं, हा तर आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार. सेप्टिक टाकी घरच्या माणसांच्या शीने इतक्या झटपट भरत नाही. मोरीचं, न्हाणीचं, धुण्याचं पाणी त्याच टाकीत सोडलंय का, ते आधी बघा. वस्त्यांवर पाइप वाचवायला हे सर्रास करतात. तसं असेल तर मोरीच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा काढून द्या, टाकीचं दुखणं निम्मं कमी होईल. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा जरा मोठा घ्या, किंवा ते पाणी परसातल्या केळीला सोडा. टाकीतून बाहेर जाणारा पाइप तुंबलाय का, तेही गवंड्याला दाखवा.

2018 साली आपला ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्याआधी पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या लोकांना गुड मॉर्निंग पथकं गाठायची, ते तुमच्या सासऱ्यांना नक्की आठवत असेल. संडास बांधून झाले, फोटो काढून झाले, पथकं गेली, आणि ‘टाकी भरेल’ या भीतीने लोक पुन्हा ओढ्याकाठी. हे तुमच्या एकट्याच्या घरचं नाही. पण मुलगी तीन वर्षांची आहे. तिची शी तुम्ही कुठे टाकता, हे मी विचारतोच. उकिरड्यावर किंवा नालीत टाकत असाल तर ते आजपासून बंद. लहान पोरांची शी निरुपद्रवी असते, असं घराघरात समजतात. प्रत्यक्षात गावात सगळ्यात जास्त गोलकृमी पोरांच्याच पोटात असतात. ती शी संडासात टाकायची आणि हात साबणाने धुवायचे. राखेने, मातीने नव्हे. माती हाच तर इथे संशयित आहे.

आता सासूबाईंकडे येऊ. त्यांचं सगळंच चूक नाही, पण गूळ निर्दोष आहे. दौंड तालुक्यात, जिथे गुऱ्हाळं धूर सोडत असतात, तिथे गुळावर आळ यावा, ही गंमतच. गोड खाऊन जंत होत नाहीत. गुळाचा खडा मातीतल्या हाताने खाल्ला तर होतील, पण मग भाकरीनेही होतील. दात खाणं आणि चेहऱ्यावरचे पांढरे चट्टे म्हणजे जंतच, हेही खरं नाही. जंत नसलेली कितीतरी पोरं झोपेत दात खातात. वावडिंग आजीच्या समाधानासाठी थोडं द्यायचं तर द्या. मात्र अल्बेंडाझोलइतका त्याचा भरवसा नाही, तेव्हा गोळीच्या जागी नको.

माळकरी घराचं म्हणाल तर मला त्यांच्याबद्दल आदर आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. जंताला माळ दिसत नाही. डुकराच्या मांसातून येणारा फीतकृमी घ्या. ज्याच्या पोटात तो आहे त्याच्या शीतून अंडी मातीत जातात, मातीतून पालेभाजीवर आणि तिथून ज्याने जन्मात मांस शिवलं नाही त्याच्या पोटात. अळ्या मेंदूत जाऊन बसल्या की फिट्स येतात. फिट्स येणाऱ्या पेशंटच्या डोक्याच्या स्कॅनमध्ये ही गाठ सापडते आणि घरचे म्हणतात, ‘डॉक्टर, आम्ही तर अंडंसुद्धा खात नाही.’ सासूबाईंना पटवायचं असेल तर वारीचाच दाखला द्या. तुकोबांची पालखी तुमच्याच तालुक्यातून जाते, आणि तिच्या वाटेवर निर्मलवारीचे फिरते संडास उभे असतात. वारकरी रांग लावून वापरतात.

ऊसतोडीवाल्यांच्या माथी खापर फोडणं मला आवडलं नाही, ताई. ते थंडीच्या तोंडावर येतात आणि उन्हाळ्यात जातात. तुमच्या पोरांचं दुखणं बाराही महिने आहे. कोप्यांवरची माणसं उघड्यावर जातात, कारण त्यांना दुसरी जागाच कोणी दिलेली नसते. ऊस तुमचा तोडतात, रानात तुमच्या राहतात. एक खोल खड्डा, वर फरशी, चार पत्रे आणि पाण्याची टाकी, एवढं रानमालकाने आणि मुकादमाने मिळून केलं तर ती माती तुमच्याही पोरांना लागणार नाही. त्यांच्या पोरांना जंताची गोळी मिळाली का, तेही आशाताईंना विचारा. शाळा-अंगणवाडीच्या पटावर नसलेली पोरं राहून जातात.

तुमच्या हिमोग्लोबिनवर थोडं थांबतो, कारण पत्रात तुम्ही ते शेवटी शेवटी, घाईघाईत विचारलंय. घरातल्या बायका स्वतःचं असंच विचारतात. 8.6 हा आकडा साधा नाही. बाईला किमान 12 हवं. जंतांमुळे असू शकतं, पण पोरांच्या जंतांमुळे नव्हे. तिसरी जात आहे, अंकुशकृमी. तो तोंडातून कमी, पायातून जास्त शिरतो. अंडी मातीत पडली की आठवडाभरात अळ्या होतात आणि अनवाणी पायाची कातडी भेदून आत जातात. जिथून शिरतात तिथे, बहुतेक बोटांच्या बेचक्यात, काही दिवस खाज आणि बारीक पुरळ येतं. पाणी धरणाऱ्या बायकांचे पाय तसेही चिखल्यांनी खाजत असतात, म्हणून ते कोणी मनावर घेत नाही. मग हा जंत आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो. एका जंताने काही होत नाही. शंभर असले, वर अंगावरून जास्त जात असेल आणि जेवणात भाकरी-चटणीच असेल, तर हिमोग्लोबिन खाली येतंच.

तेव्हा शीची तपासणी तुमचीही करा, आणि एकदा करून थांबू नका. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या. पाळी किती दिवस जाते, किती जाते, ते डॉक्टरांना न लाजता सांगा. लोहाच्या गोळ्या सुरू करा, लिंबू-पाण्याबरोबर घ्या आणि तिच्या तास-दोन तास आधी-नंतर चहा नको. शी काळी होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं तरी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात. बहुतेक जणी बरं वाटलं की सोडतात. रानात चप्पल नव्हे, बूट. चप्पल चिखलात रुतते आणि मग बाई ती काढून बांधावर ठेवते.

पाण्याचं थोडक्यात. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून तुमच्याकडे येतं, नदी रांजणगाव सांडसला भीमेला मिळेपर्यंत कितीतरी भाजीपाला त्याच पाण्यावर निघतो. (पुणेकर वाचकांनी इथे नाक मुरडू नये, पाणी तुमचं आणि ती मेथी मार्केट यार्डातून परत तुमच्याच ताटात येते.) अशा पाण्यावरची पालेभाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवायची आणि शिजवूनच खायची. मिठाच्या किंवा जांभळ्या औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने गोलकृमीची अंडी मरत नाहीत, क्लोरीननेही नाही. उकळीने मरतात. पिण्याचं पाणीही खळखळ उकळून घ्या. मुलाला कधी वास मारणारे, तेलकट जुलाब होत असतील तर तो जंत नसून जिआर्डिया, म्हणजे पाण्यातून येणारा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी असू शकतो. त्याला जंताची एक गोळी पुरत नाही, औषध वेगळं असतं.

शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी मुलाला द्यायचीच. 2015 पासून ही मोहीम चालू आहे, एक ते 19 वर्षांच्या मुलांसाठी, आणि गोळी सुरक्षित आहे. जास्त जंत असलेल्या एखाद्या पोराला त्या दिवशी थोडं मळमळतं, पोटात दुखतं, आणि लगेच ‘गोळीने विषबाधा’ अशी आवई उठते. थोडा वेळ आडवं केलं, पाणी दिलं, की उतरतं. ती गोळी पोरांच्या अंगावरचा भार उतरवते, रक्त आणि वाढ सांभाळते. माती तीच राहिली तर सहा महिने-वर्षात पोट पुन्हा भरतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. यातल्या कुठल्याही पोराचं पोट फुगलं, टणक झालं, उलट्या थांबत नाहीत, उलटीतून जंत पडला किंवा शी आणि वारा दोन्ही बंद झाले, तर घरी गोळी नको, जुलाब नको, एरंडेल तर अजिबात नको. गोलकृमींचा गुंता आतड्यात अडकलेला असू शकतो. रात्र असली तरी गाडी काढा आणि दौंडचं सरकारी रुग्णालय गाठा; तिथून पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठवलं तर उद्यावर ढकलू नका.